फिरते घर रस्त्यात थांबते तेव्हा

सप्टेंबर २०२३ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने घडलेल्या दोन अपघातांची नोंद रस्त्याने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी अशी आहे. ११ सप्टेंबरच्या पहाटे तामिळनाडूतील तिरुपत्तूर जिल्ह्यात, बंगळुरू-चेन्नई महामार्गावर, कर्नाटकातील सहल आटोपून परतणाऱ्या प्रवाशांच्या व्हॅनचे चाक पंक्चर झाले. चाक बदलेपर्यंत प्रवासी खाली उतरून गाडीच्या पुढेच बसून राहिले. मागून आलेल्या मालवाहू वाहनाची धडक व्हॅनला बसली आणि सात महिलांचा मृत्यू झाला. १३ सप्टेंबरच्या पहाटे राजस्थानातील भरतपूरजवळ, जयपूर-आग्रा महामार्गावर, गुजरातमधील भावनगरहून मथुरेकडे निघालेली यात्रेकरूंची बस बिघाडामुळे थांबली होती. काही प्रवासी बसच्या मागे उभे असताना एका ट्रेलरने त्यांना चिरडले. त्या घटनेत किमान अकरा जणांनी प्राण गमावले.

त्याआधी जुलै २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात असाच प्रकार घडला होता. हरियाणातून बिहारकडे मजुरांना घेऊन निघालेल्या बसचा आस तुटला. रात्र झाली होती, दुरुस्ती होत नव्हती. थकलेले मजूर बसच्या पुढे व खालीच आडवे झाले. मागून आलेल्या ट्रकने बसला धडक दिली आणि किमान अठरा जणांचा झोपेतच अंत झाला.

या तिन्ही घटनांत एक समान सूत्र दिसते. पंक्चर झालेल्या चाकाने, बिघडलेल्या इंजिनाने किंवा तुटलेल्या आसाने कोणाचाही जीव घेतला नाही. जीव गेले ते वाहन थांबल्यानंतरच्या प्रतीक्षेत. वाहनातील बिघाड ही तांत्रिक बाब आहे. मात्र त्यानंतर प्रवासी कोठे थांबतात, मदत किती वेळात पोहोचते आणि मागून येणाऱ्या वाहनांना इशारा मिळतो की नाही, हे प्रश्न सामाजिक व प्रशासकीय आहेत. घरासारख्या सोयी असलेल्या वाहनातून, म्हणजे कॅराव्हॅनमधून, पर्यटन करण्यास देशात प्रोत्साहन दिले जात असताना या प्रश्नांचा विचार करणे अगत्याचे ठरते.

धोरण आले, रस्त्यावरील प्रश्न मागे राहिले

कॅराव्हॅन पर्यटनाची कल्पना आपल्याकडे अगदी नवी नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने सुमारे दीड दशकापूर्वीच कॅराव्हॅन व शिबिर-उद्यानांविषयीचे धोरण मांडले होते. तथापि त्याला खरी चालना मिळाली ती कोविड महासाथीनंतर. हॉटेलातील गर्दी टाळून स्वतःच्या कुटुंबापुरता प्रवास करण्याकडे लोकांचा कल वाढला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्याच वर्षी केरळने ‘केरवन केरळ’ हा उपक्रम घोषित केला आणि २०२२ मध्ये वागमोण येथे त्या राज्यातील पहिले कॅराव्हॅन उद्यान सुरू झाले. अशा वाहनांची बांधणी कशी असावी यासाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानकही देशात अस्तित्वात आहे.

या धोरणांविषयीच्या चर्चेचा रोख प्रामुख्याने मुक्कामाच्या सोयींवर राहिला आहे. वाहन उभे करण्याची जागा, पाणी, वीज, सांडपाण्याची विल्हेवाट, गुंतवणूकदारांना सवलती हे त्यातील मुख्य विषय. दोन मुक्कामांच्या मधले शे-दोनशे किलोमीटर मात्र या चर्चेत फारसे येत नाहीत. वास्तविक फिरत्या घराची खरी परीक्षा तेथेच होते.

एका वाहनात दोन यंत्रे

साध्या मोटारीपेक्षा कॅराव्हॅनचा बिघाड वेगळा का, हा पहिला प्रश्न. याचे उत्तर असे की कॅराव्हॅन म्हणजे एकाच सांगाड्यावर बसवलेली दोन यंत्रे असतात. एक रस्त्यावर चालणारे वाहन आणि दुसरे त्यावर उभारलेले घर. वाहनाचे इंजिन, क्लच, ब्रेक, टायर ही एक व्यवस्था. तर पाण्याची टाकी, पंप, शीतकपाट, इन्व्हर्टर, गॅसची शेगडी, वातानुकूलन ही दुसरी. यांपैकी एकीतील दोष दुसरीवर ताण आणतो.

सर्वात आधी वजनाचा विचार करावा लागतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. त्यात पलंग, कपाटे, बॅटऱ्या, गॅस सिलिंडर, सामान आणि माणसे मिळवली, की मूळ प्रवासी वाहनाच्या सांगाड्यावरील भार त्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ जाऊन पोहोचतो. हा भार अखेर चार किंवा सहा टायरांवर येतो. त्यातच भाड्याने दिली जाणारी किंवा हौसेने घेतलेली अशी वाहने वर्षातील बराच काळ एका जागी उभी असतात. टायरची नक्षी शाबूत दिसते. परंतु उन्हाने व वयाने रबर कडक होते, बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडतात. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. तेथे ३५२१ असे लिहिले असेल तर तो टायर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला, असा त्याचा अर्थ. फिरते घर भाड्याने घेताना पडद्यांचा रंग पाहण्याआधी हे चार आकडे पाहणे अधिक शहाणपणाचे.

दुसरा मुद्दा घाटांचा. सह्याद्रीतून कोकणात उतरणारा असो की हिमालयातील, घाटात जड वाहनाची दोन्ही बाजूंनी कसोटी लागते. चढताना इंजिन तापते, क्लच घासतो. उतरताना सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. जो गिअर चढताना लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा मालमोटारींच्या चालकांचा जुना दंडक कॅराव्हॅनलाही लागू पडतो. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा प्रकार अशा वाहनात आत्मघातकी ठरू शकतो. तापमानाचा काटा वर चढू लागताच वातानुकूलन बंद करावे, सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी आणि ती निवेपर्यंत थांबावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण घाईने उघडून हात व चेहरा भाजून घेणारे दर उन्हाळ्यात आढळतात.

तिसरा मुद्दा विजेचा. घराच्या उपकरणांसाठी वेगळी बॅटरी आणि इंजिन सुरू करण्यासाठी वेगळी बॅटरी, ही व्यवस्था योग्य. मात्र स्थानिक पातळीवर फेरफार केलेल्या काही वाहनांत हे दोन्ही जोड एकमेकांत मिसळलेले असतात. रात्रभर पंखा आणि शीतकपाट चालते आणि सकाळी इंजिन सुरू होत नाही. हा बिघाड किरकोळ असला तरी मुक्काम आडजागी असेल तर अख्खा दिवस खातो. उंचीचाही विचार करावा लागतो. रेल्वेखालचे बोगदे, शहरातील उड्डाणपुलांवर लावलेले उंचीरोधक आणि वाकलेल्या फांद्या मोटारीला जाणवत नाहीत. फिरत्या घराला मात्र त्या अडवतात. मोबाइलमधील नकाशा जवळचा रस्ता दाखवतो, वाहनाची उंची त्याला ठाऊक असेलच असे नाही.

रस्ताच वाहन बिघडवतो तेव्हा

दोष प्रत्येक वेळी वाहनाचा किंवा चालकाचा असतो असेही नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस समृद्धी महामार्गावर वाशिम जिल्ह्यात रस्त्यावर पडलेल्या एका लोखंडी फलकामुळे एकाच रात्री पन्नासहून अधिक वाहनांचे टायर फुटल्याचे वृत्त आले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये याच महामार्गावर छत्रपती संभाजीनगरजवळ काँक्रीटमधील भेगा भरण्यासाठी बसवलेल्या धातूच्या नळ्या रस्त्याच्या वर राहिल्या आणि त्यांवरून गेलेल्या वाहनांची चाके पंक्चर झाली. प्रथम हे खिळे असून लुटीचा डाव असावा, अशी चर्चा पसरली. नंतर ते दुरुस्तीच्या कामातील साहित्य असल्याचे स्पष्ट झाले.

७०१ किलोमीटरचा हा महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. अशा प्रवेश-नियंत्रित मार्गांचे स्वरूप जुन्या रस्त्यांपेक्षा मुळातच निराळे आहे. जुन्या महामार्गावर दर काही किलोमीटरवर गाव येते, गावात पंक्चरवाला आणि चहाची टपरी असते, ओळखीचा मिस्त्री नसला तरी कोणाच्या तरी ओळखीचा असतो. दुरुस्तीची ही अनौपचारिक व्यवस्था हे भारतीय रस्त्यांचे मोठे बळ होते. कुंपण घातलेल्या द्रुतगती मार्गावर ती व्यवस्था पोहोचत नाही. तेथे टपरीही नाही आणि पलीकडच्या गावातून कोणी सहज येऊही शकत नाही. याचा अर्थ, जुनी व्यवस्था जेथे आपण हटवली तेथे नवी, औपचारिक व्यवस्था तितक्याच तत्परतेने उभी करण्याची जबाबदारी महामार्ग चालवणाऱ्या यंत्रणेवर येते. वेग वाढला की मदतीचा वेगही वाढला पाहिजे.

वाहन थांबल्यास काय करावे

महामार्गावर वाहन बंद पडल्यास पहिला अर्धा तास निर्णायक असतो. या काळात बहुसंख्य चालक दुरुस्तीच्या मागे लागतात. वस्तुतः दुरुस्ती हे त्या क्षणीचे तिसरे काम आहे. पहिले काम वाहन शक्य तितके डावीकडे, रस्त्याबाहेर घेणे. टायर फुटला असला तरी रिमवर गाडी हळूहळू शे-दोनशे मीटर नेता येते. रिम खराब होईल. पण वळणावर, पुलावर किंवा चालू मार्गिकेत थांबण्यापेक्षा तो तोटा केव्हाही स्वस्त. दुसरे काम माणसे बाहेर काढणे. धोक्याचे चारही दिवे लावावेत, प्रवाशांनी वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरावे आणि संरक्षक कठड्याच्या पलीकडे, वाहनाच्या थेट पुढे किंवा मागे येणार नाही अशा जागी जाऊन थांबावे. तिरुपत्तूर, भरतपूर आणि बाराबंकी या तिन्ही ठिकाणी प्रवासी वाहनाच्या पुढे, मागे किंवा खाली होते, ही बाब येथे लक्षात घ्यावी.

परावर्ती त्रिकोण मागे काही अंतरावर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. झाडाच्या फांद्या आणि दगड ठेवण्याचीही आहे. दगड नंतर तेथेच राहतात आणि पुढच्या वाहनाचा घात करतात. त्रिकोण उपयुक्त आहे. मात्र तो ठेवण्यासाठी भरधाव रस्त्याच्या कडेने चालत जाण्यातही धोका आहे. याच कारणास्तव स्पेनने १ जानेवारी २०२६ पासून त्रिकोणाऐवजी वाहनाच्या छतावर ठेवावयाचा प्रकाशमान दिवा बंधनकारक केला. तो दिवा वाहनाचे स्थान वाहतूक यंत्रणेलाही कळवतो. चालकाला रस्त्यावर चालावेच लागू नये, हा त्यामागील विचार आहे. अमेरिकेतील सर्व पन्नास राज्यांत, कडेला थांबलेल्या आपत्कालीन वाहनाजवळून जाताना मार्गिका बदलण्याचे किंवा वेग कमी करण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे. ब्रिटनने कडेची आपत्कालीन मार्गिका नसलेल्या नव्या ‘स्मार्ट’ महामार्गांची योजना एप्रिल २०२३ मध्ये रद्द केली. चालू मार्गिकेत बंद पडणाऱ्या वाहनांच्या सुरक्षिततेची चिंता हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. सधन देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. मात्र त्यांनी तो प्रश्न म्हणून मान्य केला आहे, हे यावरून दिसते.

फिरत्या घराच्या बाबतीत येथे एक विशेष अडचण उद्भवते. साध्या मोटारीतील माणूस अस्वस्थ होऊन आपोआप बाहेर पडतो. कॅराव्हॅनमध्ये मात्र पलंग आहे, पंखा आहे, चहा करता येतो. बाहेर ऊन किंवा पाऊस असतो, सोबत वृद्ध आणि मुले असतात. परिणामी कुटुंब आतच थांबते. ज्या सोयीसाठी हे वाहन घेतले तीच सोय अशा वेळी जोखीम बनते. घर म्हणून ते कितीही आरामशीर असले, तरी वाहत्या महामार्गाच्या कडेला ते एक उभे वाहनच आहे, याचे भान सुटता कामा नये.

खोळंबा आणि बिघाड यांतील फरक

याउलट संपूर्ण वाहतूकच ठप्प झाली तर चित्र बदलते. फेब्रुवारी २०२६ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ वायू वाहून नेणारा टँकर उलटला आणि एका दिवसाहून अधिक काळ वाहतूक विस्कळीत राहिली. पाणी, अन्न आणि विशेषतः स्वच्छतागृहाअभावी महिला, मुले व वृद्धांचे अतोनात हाल झाले. डिसेंबर २०२४ मध्ये मनालीजवळ अटल बोगद्याच्या परिसरात हिमवर्षावामुळे शेकडो वाहने अडकली होती. अशा प्रसंगी पाण्याची टाकी, शौचालय आणि झोपण्याची जागा असलेले वाहन हे वरदान ठरते. शेजारच्या वाहनांतील गरजूंनाही त्याचा आधार होऊ शकतो.

त्यामुळे एक साधा नियम सांगता येईल. वाहतूक चालू आहे आणि आपले वाहन थांबले आहे, तर बाहेर पडून दूर जावे. सगळीच वाहतूक थांबली आहे, तर आत थांबावे.

मात्र आत थांबण्यातही एक अदृश्य धोका आहे आणि त्याची पुरेशी जाणीव अद्याप रुजलेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या वाहनांत किमान बावीस जणांचा मृत्यू झाला. थंडीबरोबरच, बंद गाडीत साचलेला कार्बन मोनॉक्साइड वायू हे त्याचे कारण सांगितले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले. जनित्रातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. इंजिन किंवा जनित्र चालू ठेवून बंद वाहनात झोपू नये, धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाने किंवा चिखलाने बुजली नाही ना हे पाहावे, खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि हा वायू ओळखणारे सूचक यंत्र वाहनात बसवावे. एका मुक्कामाच्या खर्चाच्या मानाने या यंत्राची किंमत फार नाही. कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्या प्रत्येक वाहनात ते असणे सक्तीचे का करू नये, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

मदत कोणाची, खर्च कोणाचा

राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा मदत क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे आणि पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय मदतीसाठी ११२ हा सामाईक क्रमांक आहे. पथकर घेतल्या जाणाऱ्या टप्प्यांवर गस्ती वाहन, रुग्णवाहिका आणि क्रेन यांची व्यवस्था करारात अभिप्रेत असते. ही माहिती असलेले प्रवासी मात्र कमीच. पथकर नाक्यावर फास्टॅगमुळे आता क्षणभरही थांबावे लागत नाही. त्यामुळे तेथील फलक वाचण्याची पूर्वीची संधीही उरलेली नाही.

कॅराव्हॅनची अडचण अशी की साध्या मोटारीची क्रेन तिला उचलू शकत नाही. तिच्यासाठी जड वाहनांची क्रेन किंवा सपाट तळाचे मोठे वाहन लागते. ते जवळ असतेच असे नाही. मग दोरखंडाने टोचन करून गाडी ओढण्याचा मार्ग पत्करला जातो. इंजिन बंद असलेल्या जड वाहनाचे ब्रेक आणि सुकाणू दोन्ही अवघड झालेले असतात, त्यामुळे दोराने ओढणे हा त्या परिस्थितीतील सर्वात धोकादायक पर्याय ठरतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ नुसार, बंद पडलेले वाहन वाहतुकीला अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक ठिकाणी ठेवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि ते हटवण्याचा खर्चही वसूल केला जातो. या तरतुदीमागील हेतू रास्त आहे. परंतु केवळ दंडाच्या भयाने बिघडलेले वाहन हलत नाही. ते हलवण्यासाठी वेळेवर पोहोचणारे साधन लागते आणि त्याचे दर आधी ठाऊक असावे लागतात. रात्री अडलेल्या कुटुंबाकडून क्रेनवाला कोणती रक्कम मागेल याचा भरवसा नसतो. या अनिश्चिततेमुळेच अनेक चालक मदत बोलावण्याऐवजी रस्त्याच्या कडेलाच खटपट करत राहतात आणि धोक्याचा काळ लांबतो.

विम्याच्या बाबतीतही सावधगिरी हवी. रस्त्यावरील साहाय्याचे जादा कलम असलेल्या विमापत्रांत अंतराची, वजनाची आणि वर्षातील फेऱ्यांची मर्यादा असू शकते. शिवाय, कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत परवानगीविना बदल करता येत नाही. मालवाहू किंवा प्रवासी वाहनात परस्पर पलंग व शेगडी बसवून ‘कॅराव्हॅन’ तयार केली असेल आणि नोंदणी पुस्तिकेत तशी नोंद नसेल, तर अपघातानंतर दावा अडचणीत येण्याची शक्यता असते. भाड्याने वाहन घेणाऱ्याने करारात तीन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: बिघाड झाल्यास खर्च कोणाचा, पर्यायी वाहन किती वेळात मिळेल आणि वाया गेलेल्या दिवसाचे भाडे आकारले जाईल की नाही.

चालकाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. यात्रेच्या बसचा किंवा भाड्याच्या कॅराव्हॅनचा चालक बहुधा फेरीवर पैसे मिळवतो. उशीर झाला की पुढची फेरी बुडते. मालकाला दूरध्वनी करण्याआधी तो स्वतःच दुरुस्तीचा प्रयत्न करतो, आणि गाडी सुटल्यावर गेलेला वेळ वेगाने भरून काढतो. बिघाडानंतरचा हा भरपाईचा वेग बिघाडाइतकाच घातक असतो. थकलेला चालक, पहाटेची वेळ आणि वेळापत्रक गाठण्याची घाई हे तिन्ही एकत्र आले की धोका कैक पटींनी वाढतो.

वेळापत्रकात मोकळी जागा

बैलगाडीने यात्रेला जाणाऱ्या पिढ्यांनी टप्प्याटप्प्याने प्रवास केला. आस मोडणे, बैल लंगडणे, नदीला पूर येणे हे सारे त्यांच्या हिशेबात धरलेले असे. मुक्काम हा प्रवासाचाच भाग होता. आजचा पर्यटक आठ दिवसांच्या रजेत आठ ठिकाणे बसवतो आणि परतीच्या दिवशी रात्री घरी पोहोचून दुसऱ्या सकाळी कामावर हजर होण्याचा बेत आखतो. अशा आखणीत दोन तासांचा खोळंबाही संकट वाटतो. प्रत्यक्षात खोळंबा हे संकट नसते. तो टाळण्यासाठी केलेली घाई संकट आणते. ‘अति घाई संकटात नेई’ ही रस्त्याकडेची पाटी सर्वांनी वाचलेली असते, पण आखणी करताना ती आठवत नाही.

जड वाहनाने दिवसाचा टप्पा मोटारीपेक्षा कमी ठेवावा, मुक्कामी अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे आणि आठवड्याच्या प्रवासात एक दिवस पूर्णपणे मोकळा ठेवावा. घरातील ज्येष्ठांची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा दोन दिवसांची अधिक घ्यावीत. पिण्याचे पाणी टाकीतल्या पाण्यापासून वेगळे ठेवावे. फ्यूज, पंख्याचा पट्टा, हवेचा पंप, विजेरी, परावर्ती जाकिटे आणि जड वाहनाला पेलणारा जॅक जवळ असावा. स्टेपनीत हवा आहे की नाही हे निघण्यापूर्वी पाहावे. ती लागते तेव्हाच अनेकांना तिची स्थिती कळते.

धोरणकर्त्यांसमोरील अपेक्षा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशात ४ लाख ८० हजार ५८३ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ७२ हजार ८९० जणांना प्राण गमवावे लागले. थांबलेल्या वाहनावर आदळणे हा या अहवालांतील अपघातांचा एक स्वतंत्र प्रकार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राजस्थानातील फलोदीजवळ भाविकांचे वाहन उभ्या ट्रेलरवर आदळून पंधरा जणांचा मृत्यू झाला, तेव्हा या प्रश्नाने पुन्हा एकदा देशाचे लक्ष वेधले. रस्त्यावर थांबलेले वाहन, मग ते बिघडलेले असो वा बेपर्वाईने उभे केलेले, मागून येणाऱ्याच्या दृष्टीने सारखेच घातक असते.

केंद्राने २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या कडेने सहाशेहून अधिक ठिकाणी सोयीसुविधा केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. अशा केंद्रांची रचना करताना केवळ उपाहारगृह आणि इंधनपंपाचा विचार न होता, जड वाहनांची क्रेन, टायर दुरुस्ती, रात्री सुरक्षित थांबण्याची जागा आणि अडकलेल्या प्रवाशांसाठी निवारा यांचाही समावेश व्हायला हवा. राज्यांच्या कॅराव्हॅन धोरणांत नोंदणीची अट म्हणून टायरचे वय, कार्बन मोनॉक्साइड सूचक यंत्र आणि बिघाडप्रसंगी पर्यायी व्यवस्था या बाबी अंतर्भूत करता येतील. वाहन ओढून नेण्याचे दर निश्चित करून ते जाहीर करणे यासाठी तर फार मोठ्या खर्चाचीही आवश्यकता नाही.

वाहन ही मानवनिर्मित वस्तू आहे आणि ती केव्हा ना केव्हा बिघडणारच. ज्या देशात कुटुंबे, यात्रेकरू आणि मजूर रात्रंदिवस रस्त्याने हजारो किलोमीटर जातात, तेथे बिघाड हा अपवाद मानून चालणार नाही. तिरुपत्तूरच्या त्या सात महिला सहल संपवून घरी निघाल्या होत्या. चाक बदलण्यास लागला असता तो अर्धा तास त्यांनी रस्त्यापासून थोडे दूर काढला असता, आणि तशी जागा त्यांना कोणी दाखवली असती, तर उशिरा का होईना, त्या घरी पोहोचल्या असत्या. रस्त्यांच्या लांबीबरोबरच, त्यांच्या कडेला माणसाला सुखरूप थांबता येते की नाही, हाही प्रगतीचा एक निकष मानला जावा, हीच अपेक्षा.